पक्षाघातानंतरचा शय्याव्रण आणि घरची शुश्रूषा : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका खेड्यात राहणाऱ्या, सत्तरीच्या घरातल्या शेतकऱ्याचे आहे. घरचे त्यांना आबा म्हणतात आणि येथेही तेच नाव वापरले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आबांना बारा वर्षांपासून मधुमेह होता. एका पहाटे त्यांना मेंदूच्या उजव्या बाजूचा पक्षाघात झाला आणि डावा हात व डावा पाय लुळा पडला. बोलणे शाबूत राहिले, पण डाव्या अंगाची संवेदना कमी झाली, आणि ते अंग आपलेच आहे याचे भानही बऱ्याच अंशी गेले. एका खासगी रुग्णालयात ते अकरा दिवस होते, त्यांपैकी पाच अतिदक्षता विभागात. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर गोळ्यांची यादी व्यवस्थित होती. कातडीविषयी मात्र ‘पाठीची काळजी घ्यावी’ एवढेच शब्द होते.

घरात पत्नी, मुलगा, सून आणि दोन शाळकरी नातवंडे. मुलगा एमआयडीसीतील कारखान्यात पाळ्यांमध्ये कामाला, तर सुनेचा दिवस पहाटे साडेचारला म्हशींच्या धारांनी सुरू होणारा. हे तपशील वरवर वैद्यकीय वाटत नाहीत, परंतु पुढचा बराचसा उपचार याच वेळापत्रकावर बेतावा लागला.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी सुनेला माकडहाडावर तांबडा डाग दिसला. पत्नीने तेथे स्पिरिट आणि पावडर लावून रोज चोळायला सुरुवात केली. तालुक्याच्या दुकानातून पाण्याची गादी आणि बसण्यासाठी हवेची रबरी रिंग आणली. तीन आठवड्यांत डागाची काळी खपली झाली, वास येऊ लागला, आणि गावातील डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग सुरू केले. आमच्या गृहसेवा पथकाला बोलावणे आले तेव्हा रुग्णालयातून घरी येऊन पाच आठवडे होत आले होते.

समस्या

पहिल्या भेटीत माकडहाडावर सुमारे 8 बाय 6 सेंटिमीटरची जखम होती. ती पूर्ण काळ्या, जाड खपलीने झाकलेली होती. कडा मऊ पडल्या होत्या आणि दाबल्यावर खाली पू असल्याचे जाणवत होते. तळ दिसत नसेल तोवर अशा जखमेचा टप्पा ठरवता येत नाही, म्हणून ‘अवर्गीकृत’ अशी नोंद केली. डाव्या टाचेवर वेगळीच, 3 सेंटिमीटरची, कोरडी, टणक आणि कडेला घट्ट चिकटलेली काळी खपली होती. डाव्या खुब्यावर लाली होती, पण बोटाने दाबल्यावर ती फिकी पडत होती, म्हणजे तेथला रक्तप्रवाह अजून शाबूत होता. ताप 101 अंश, रक्तातील साखर 312. ब्रेडन मापनात 23 पैकी 10 गुण आले. या मापनात गुण जितके कमी तितका धोका अधिक, आणि 18 किंवा त्याखाली आल्यास रुग्णाला शय्याव्रणाचा धोका आहे असे सर्वसाधारणपणे मानतात.

घरच्यांचा पहिला प्रश्न होता, “कोणतं मलम लावायचं?” आमचे लक्ष पलंगाकडे होते. पाण्याची गादी इतकी गच्च भरली होती की ती फळीसारखी कडक झाली होती. तिच्यावर रेक्झिन, आणि रेक्झिन थंड लागते म्हणून त्यावर चौपदरी वाकळ. पलंगाची डोक्याकडची बाजू तीन वेळच्या जेवणासाठी आणि संध्याकाळच्या हरिपाठासाठी साठ अंशांच्या आसपास उचललेली असे आणि बहुतेक वेळा तशीच राहत असे. आबा हळूहळू पायथ्याकडे घसरत. वरची कातडी वाकळीला चिकटून जागेवर राही आणि आतले हाड खाली सरके, म्हणजे मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जात. अशी जखम वरून लहान आणि आतून पोखरलेली असते, आणि या जखमेतही पुढे तेच आढळले. भर म्हणून कपड्याला दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच लागत होते.

ड्रेसिंग रोज होत होते, प्रामाणिकपणे होत होते. पण ते करून झाल्यावर रुग्णाला पुन्हा त्याच जखमेवर उताणे झोपवले जात होते.

विचारात घेतलेले पर्याय आणि पहिला निर्णय : खपली कोठे काढायची

तीन मार्ग समोर होते. जेलचे ड्रेसिंग लावून मेलेली ऊती आपोआप मऊ होऊन सुटण्याची वाट पाहणे, घरीच थोडी थोडी खपली कापणे, किंवा रुग्णालयात दाखल करून शस्त्रक्रियेने जखम साफ करणे. कुटुंबाला दाखल करायचे नव्हते. आधीच्या बिलाचे हप्ते चालू होते आणि ‘तिथेच तर हे झालं’ ही भावना तीव्र होती. ती भावना रास्त होती. तरीही ताप, पू आणि वाढलेली साखर या तिन्ही गोष्टी एकत्र असताना जेल लावून थांबणे धोक्याचे होते. घरी कापण्यातला धोका निराळा: आबांना रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या आणि पलंगाशेजारी रक्तस्राव आवरण्याची सोय नव्हती.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी दाखल करून घेण्याची तयारी दाखवली आणि फिजिशियनने एक गोळी थांबवून ॲस्पिरिन चालू ठेवता येईल असे ठरवले. दोन बैठकांत मेलेली ऊती काढली. तेव्हा जखमेचे खरे रूप समोर आले: 9 बाय 7 सेंटिमीटर, खोली 3 सेंटिमीटर, तळाशी हाड बोटाला लागत होते, आणि डोक्याकडे बारा वाजले असे मानून पाहिले तर आठ ते अकराच्या दरम्यान, म्हणजे डाव्या कुशीकडे, कडेखाली 4 सेंटिमीटरची पोकळी होती. हा चौथा टप्पा, म्हणजे स्नायू-हाडापर्यंत पोहोचलेली सर्वांत खोल जखम. आबा कायम डावीकडे कलंडलेले असत, हे त्या पोकळीच्या दिशेवरूनच कळत होते.

येथे प्रतिजैविकांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. दाखल होण्यापूर्वी जखमेच्या पृष्ठभागावरून बोळा फिरवून तपासणी केली होती आणि तिच्या आधारे महागडी इंजेक्शने सुचवली गेली होती. उघड्या जखमेच्या पृष्ठभागावर जंतू असतातच. त्यांचे केवळ असणे म्हणजे संसर्ग नव्हे. शल्यचिकित्सकांनी साफ केलेल्या जखमेच्या खोल भागातील ऊतीचा तुकडा तपासणीला पाठवला आणि त्यानुसार मोजक्या दिवसांचे औषध दिले. पू निघाल्यावर ताप उतरला. हाड गुळगुळीत लागत होते, म्हणून हाडाच्या संसर्गाचे काही आठवडे चालणारे उपचार तेव्हा सुरू केले नाहीत. ताप परतला, स्राव वाढला किंवा जखम भरायची थांबली तर हाडाची तपासणी करायची, असे लिहून ठेवले.

टाचेची खपली ‘त्याच भुलीत’ काढून टाकावी, असा मुलाचा आग्रह होता. ती काढली नाही. पायाच्या नाड्या क्षीण होत्या, खपली कोरडी व घट्ट होती, आणि भोवती लाली किंवा पू नव्हता. रक्तपुरवठा कमी असलेल्या टाचेवर अशी खपली हेच नैसर्गिक झाकण असते. ते उघडले तर न भरणारी जखम आणि पायावरच संकट, असे होऊ शकते. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली आणि रोज निरीक्षण केले. तीन महिन्यांनी खपली आपोआप गळून पडली, खाली नवी कातडी होती.

दाब काढण्यासाठी काय केले

सर्वप्रथम पलंग बदलला. पंपावर चालणारी हवेची गादी भाड्याने मिळत होती, पण गावात भारनियमन होते आणि वीज गेली की ती गादी सपाट होऊन रुग्ण थेट फळीवर येतो. म्हणून तालुक्याच्या गादीवाल्याकडून जास्त घनतेच्या फोमची सहा इंची गादी करून घेतली. आबांना झोपवून, माकडहाडाखालच्या बाजूने, गादीखाली तळहात सरकवून पाहिला. वजनाने फोम पूर्ण दबून हाड हाताला लागत असेल तर गादी निरुपयोगी. तेथे निदान एक इंच फोम न दबलेला राहायला हवा. वाकळ आणि रेक्झिन काढले, एकच सुती चादर ठेवली. रबरी रिंग बंद केली, कारण तिच्या कडेवर दाब एकवटतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. चोळणेही थांबवले. ते थांबवणे आजींना सगळ्यात जड गेले, कारण तोच त्यांच्या हातचा उपचार होता. त्याऐवजी रोज अंघोळीच्या वेळी सर्व हाडे असलेल्या जागा पाहून लाल डाग बोटाने दाबून पाहण्याचे काम त्यांच्याकडे दिले, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत बारकाईने केले.

कूस बदलण्याचा प्रश्न अधिक अवघड होता. दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लुडविग गुटमान यांनी 1944 पासून इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे मणक्याला इजा झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात रुजवली. पण तेथे दिवसरात्र माणसे होती. या घरात तीच सूचना जशीच्या तशी दिली असती तर चार रात्रींत सर्व जण थकून गेले असते आणि पाचव्या रात्री कोणीच उठले नसते. उत्तर अमेरिकेतील शुश्रूषागृहांत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जास्त घनतेच्या फोमवर दोन, तीन आणि चार तासांच्या अंतरांमध्ये नव्या जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नव्हता. ती चाचणी जखम नसलेल्यांवर होती, म्हणून तिचा आधार जपून घेतला: जखमेवर म्हणजे उताणे झोपवायचेच नाही, आणि दोन कुशींमध्येच अदलाबदल करायची.

दिवसा दर दोन तासांनी, आणि रात्री घराच्या घड्याळाप्रमाणे अशी आखणी झाली. साडेनऊला डावी कूस, साडेबाराला मुलगा दुसऱ्या पाळीहून आला की उजवी, आणि साडेचारला सून धारेसाठी उठली की पुन्हा बदल. सर्वांत लांब, चार तासांचा टप्पा उजव्या कुशीवर ठेवला. कारण त्या अंगाला संवेदना होती आणि दुखले तर आबा हाक मारू शकत होते. पूर्ण कुशीवर झोपवले तर खुब्याच्या हाडावर दाब येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन तीस अंशांचाच कल द्यायचा. आजींची जुनी सुती नऊवारी घडी घालून पाठ-कंबरेखाली ठेवली. दोघांनी ती धरून उचलले की आबांना ओढावे लागत नसे आणि सुनेच्या कंबरेवरचा ताणही कमी झाला. डोक्याकडची बाजू जेवताना उचलायची, अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यानंतर अर्धा तास तशीच ठेवायची, मग तीस अंशांखाली आणायची. बाजू उचलण्याआधी गुडघ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे घसरणे कमी होते.

भिंतीवर तक्ता लावला. बदल राहिला तर चौकोन रिकामा सोडा, खूण करू नका, त्याबद्दल कोणीही बोलणार नाही, असे सर्वांसमोर सांगितले.

आहार : अंड्याचा प्रश्न

मुलाने आबांना उचलून वजनकाट्यावर उभे राहून, स्वतःचे वजन वजा करून, 50 किलो आकडा काढला. चौथ्या टप्प्याच्या जखमेला दर किलो वजनामागे 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिने आणि 30 ते 35 किलोकॅलरी लागतात, म्हणजे दिवसाला साधारण 63 ते 75 ग्रॅम प्रथिने. आबांच्या ताटातून त्याच्या निम्मी जेमतेम मिळत होती. रुग्णालयाने रोज दोन अंडी सांगितली होती. आबा माळकरी, त्यांनी साफ नकार दिला होता.

“खिरीत कालवून देऊ, त्यांना कळणार नाही,” असे आजींनी एकांतात विचारले. हेतू मायेचाच होता. आम्ही नको म्हटले. आबांची समज शाबूत होती, नकार स्पष्ट होता, आणि अर्धे अंग पारखे झालेल्या माणसाच्या हातात अजून जे थोडे निर्णय उरले होते त्यांतला हा एक होता. शिवाय त्याची गरजही नव्हती. घरच्या म्हशीचे पाऊण लिटर दूध दिवसभरात दूध, दही आणि ताकाच्या रूपाने देऊन सुमारे 28 ग्रॅम प्रथिने मिळाली. त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर 50 ग्रॅम मिसळून आणखी 17-18. भाकरीच्या पिठात सोयाबीनचे पीठ, घोटलेली मुगाची उसळ आणि शेंगदाण्याचे कूट यांनी उरलेली भर पडली. आधी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री केली आणि इन्सुलिनची मात्रा नव्या आहाराप्रमाणे बदलून घेतली. एकादशी सोडायला ते तयार नव्हते. साबुदाण्याऐवजी राजगिरा, दही, दूध आणि दाणे, आणि त्या दिवशी साखरेची जादा तपासणी, एवढ्यावर समेट झाला. हिमोग्लोबिन 9.1 होते, त्यासाठी लोह दिले.

शौच, लघवी आणि ड्रेसिंग

पातळ शौचाला घरी ‘जुलाब’ समजून दोन वेळा बंद होण्याची गोळी दिली गेली होती. गुदद्वाराची तपासणी केल्यावर आत घट्ट मळाचा गोळा अडकलेला आढळला आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. एनिमा दिल्यावर आणि पुढे नियमित सारक औषध व सकाळच्या चहानंतर कमोडच्या खुर्चीवर जास्तीत जास्त दहा मिनिटे बसवणे सुरू केल्यावर, कपडे खराब होणे आठवड्याभरात जवळजवळ थांबले. माझ्या मते या जखमेला कोणत्याही ड्रेसिंगपेक्षा याचा अधिक फायदा झाला.

लघवीची नळी लवकर काढावी हे तत्त्व मान्य असूनही ती सुरुवातीला ठेवली, कारण उघडी जखम ओली राहणे अधिक वाईट होते. तळ लाल आणि स्वच्छ झाल्यावर ती काढली. रात्री बाहेरून लावायची पिशवी, दिवसा ठरावीक वेळी भांडे.

जखम सलाईनने धुतली जाई. हायड्रोजन पेरॉक्साइड बंद केले, कारण ते नव्या पेशींनाही मारते. पहिले दोन आठवडे सलाईनमध्ये भिजवून पिळलेले गॉज पोकळीत सैल भरणे आणि वास कमी करण्यासाठी मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध; गॉज कोंबून भरले तर तोही दाबच. पुढे अल्जिनेट (स्राव शोषून घेणारे ड्रेसिंग) आणि वरून फोमची पट्टी, दर तीन दिवसांनी. फोमची पट्टी महाग असली तरी रोजचे गॉज, चिकटपट्टी आणि येणेजाणे यांचा हिशेब मांडल्यावर फरक फार उरला नाही. सुनेला ड्रेसिंग शिकवले. आमच्या सिस्टर आठवड्यातून दोनदा येऊन मोजमाप घेत.

दुसरा आणि तिसरा निर्णय : बसवणे आणि शस्त्रक्रिया

फिजिओथेरपिस्टना आबांना जास्तीत जास्त बसवायचे होते, जखमेला बसणे नको होते. दोघांची बाजू बरोबर होती. न बसवले तर तोल, छाती आणि मन तिन्ही खचतात. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी एक तासापेक्षा कमी, फोमच्या उशीवर आणि पाय जमिनीला टेकवून बसवायचे, दर पंधरा मिनिटांनी उजवीकडे झुकवायचे, आणि या तीनपैकी एक वेळ हरिपाठाची असावी असे ठरले.

दोन महिन्यांनी प्लॅस्टिक सर्जनचे मत घेतले. शेजारचे मांस फिरवून जखम झाकता आली असती. मात्र पक्षाघात अलीकडचा होता, शस्त्रक्रियेनंतरही कित्येक आठवडे त्या भागावर भार देता आला नसता, आणि घरची व्यवस्था ढिली पडली तर झाकलेली जागाही पुन्हा फाटते. जखम आकसत होती, म्हणून सर्जनच्या संमतीने थांबलो. दोन आठवड्यांत मोजमाप कमी झाले नाही तर सर्व योजना पुन्हा तपासायची, ही अट कायम ठेवली.

परिणाम

चौथ्या आठवड्यात जखम 8 बाय 6 आणि आठव्या आठवड्यात 6 बाय 4 झाली. दहाव्या आठवड्यात मात्र ती पुढे सरकली नाही. डावी कड काळसर झाली आणि खुब्यावरची लाली आता दाबल्यावर फिकी पडेनाशी झाली. ड्रेसिंग बदलावे का, पुन्हा प्रतिजैविक द्यावे का, अशी चर्चा सुरू होणार तेवढ्यात सिस्टरनी तक्ता काढला. सलग सहा रात्री साडेबाराचा चौकोन रिकामा होता. मुलाची तिसरी पाळी लागली होती. साडेनऊ ते साडेचार, म्हणजे सात तास, आबा डाव्या, बधिर अंगावर होते. ते चौकोन सुनेने खूण न करता रिकामे सोडले होते म्हणूनच कारण दहा मिनिटांत सापडले.

आजींना एकटीने कूस बदलणे शक्य नव्हते आणि ब्युरोमार्फत रात्रीची मावशी ठेवणे परवडणारे नव्हते. त्याच वाड्यात राहणारा पुतण्या स्पर्धा परीक्षेसाठी रात्री एकपर्यंत जागत असे. त्याने तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत ती वेळ घेतली. दोन आठवड्यांत कड पुन्हा लाल झाली. सोळाव्या आठवड्यात जखम 3 बाय 2 राहिली आणि सातव्या महिन्यात ती पूर्ण मिटली. नोंदीत ती ‘भरलेला चौथा टप्पा’ अशीच राहील, कारण गेलेले स्नायू परत येत नाहीत. खाली व्रणाची ऊती असते, आणि तिची ताकद मूळ कातडीच्या सुमारे 80 टक्क्यांपलीकडे जात नाही. नंतर एकदा जीपने तीन तासांचा प्रवास झाला तेव्हा त्या जागी लाली आली. आजींनी दाबून पाहिली, फिकी पडली नाही, आणि आमच्या फोनची वाट न पाहता त्यांनी दोन दिवस आबांना त्या जागेवर अजिबात टेकू दिले नाही. ती लाली गेली.

वेगळे काय करता आले असते

मुलाच्या पाळ्यांचे संपूर्ण महिन्याचे वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लागायला हवे होते. रात्रीची योजना एका माणसाच्या एका पाळीवर उभी होती आणि पाळी बदलणार हे घरात सर्वांना ठाऊक होते. सुनेच्या थकव्याची विचारपूसही तिसऱ्या महिन्याऐवजी सुरुवातीपासून व्हावी. तिची कंबर धरली असती तर संपूर्ण व्यवस्था कोलमडली असती, आणि तिने स्वतःहून ते कधीच सांगितले नसते.

सर्वांत मोठी संधी त्याआधीच गेली होती. पक्षाघाताच्या दिवसापासून आबांचा धोका स्पष्ट होता. माकडहाडाजवळचे नुकसान आत सुरू झाले की ते कातडीवर दिसायला काही दिवस लागू शकतात. त्यामुळे घरी चौथ्या दिवशी दिसलेला डाग रुग्णालयातच सुरू झाला असण्याची शक्यता बरीच आहे, पण घरी सोडताना पाठ पाहिल्याची नोंद नसल्याने हे ठरवता येत नाही. घरी सोडण्याच्या कार्डावर चार ओळी पुरेशा होत्या: आज माकडहाड, दोन्ही टाचा आणि दोन्ही खुबे पाहिले व कसे दिसले, कोणत्या अंगावर झोपवायचे आणि किती वेळ, लाल डाग दाबून फिका पडला नाही तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, आणि चोळू नये. आता आमच्या भागात कोणी पक्षाघाताचा रुग्ण घरी आल्याचे आशा कार्यकर्तीकडून कळले की पहिल्या आठवड्यातच भेट दिली जाते आणि रुग्णाला कुशीवर वळवून पाठ पाहिली जाते, मग घरच्यांची तक्रार असो वा नसो.